कोळ्याला भिणारे साळवे सर

साळवे सरांची आणि माझी खरी ओळख झाली तेव्हा सर टॉवेलवर होते. डोक्याला साबणाचा फेस, पायात चप्पल नाही, आणि जिना उतरून थेट आमच्या दारात. दार माझ्या बायकोनं, मंगलनं, उघडलं.

"वहिनी, अण्णा आहेत का? आमच्या न्हाणीत बाई बसलीय."

मंगलनं पदर तोंडाला लावला आणि आत येऊन मला म्हणाली, "वरचे सर आलेत. काय म्हणतात ते तुम्हीच ऐका, मला नाही ऐकवत."

मी वर गेलो. न्हाणीत बाई-बिई काही नव्हती. बादलीच्या कडेला एक कोळी बसला होता, चांगला आठाण्याएवढा. मी चप्पल हातात घेतली, तसे सर जिन्यातूनच ओरडले, "मारू नका! अण्णा, मारू नका तिला! ग्लास पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा!"

मी ग्लास घातला, पुठ्ठा सरकवला आणि खिडकीकडं निघालो.

"बाहेर नाही," सर म्हणाले. दाराच्या चौकटीला चिकटून उभे होते, दात वाजत होते. "हॉलमध्ये सोडा. त्या कोपऱ्यात."

आता बोला! ज्या जिवाला बघून माणूस टॉवेलवर घर सोडतो, त्यालाच हॉलमध्ये सोडा म्हणतो. मी सोडला. त्या कोपऱ्यात आधीच एवढी जाळी होती, की नव्या पाहुणीला जागा मिळते की नाही याचीच मला शंका. बाकी घर लख्ख, भांडी लख्ख, पुस्तकं ओळीत, आणि कोपरा मात्र असा, की मंगलनं पाहिला असता तर त्याच क्षणी झाडू घेऊन आली असती.

आणि याच्यावर कडी म्हणजे, हे साळवे सर गेली कित्येक वर्षं कॉलेजात कोळ्याच्या धाग्यावरच संशोधन करत होते.

मी स्वतः धाग्यातलाच माणूस. गुलमंडीत आमचं दुकान आहे, शिवणाचे दोरे, लेस, फॉल, बटणं. वडिलांपासूनचं. घर उस्मानपुऱ्यात, खाली आम्ही आणि वरचा मजला भाड्यानं. सर आले ते एकटे आले. "मिसेस नाहीत," एवढंच म्हणाले, आणि असं म्हणणाऱ्या माणसाला पुढं काय विचारायचं? टेम्पोतून पुस्तकं उतरली, पलंग उतरला, आणि शेवटी भोकं पाडलेली एक पुठ्ठ्याची पेटी. ती त्यांनी हमालाला दिली नाही. स्वतः उचलली, दोन्ही हात लांब करून, मान मागं वळवून, डोळे अर्धे मिटून. मला वाटलं पोपट असेल आणि चावत असेल.

सरांची बोलण्याची एक तऱ्हा होती. लोक भेटल्यावर नमस्कार म्हणतात, आमच्याकडं "काय चाललंय" म्हणतात. सर म्हणायचे, "जरा भ्या!" गॅस बंद केला का? जरा भ्या. गाडी स्टँडवर नीट लावली का? जरा भ्या. आमच्याकडं चहाला आले की आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. मी म्हणायचो, "सर, चहा प्यायचाय, ऑपरेशन नाही करायचं." तर म्हणायचे, "भ्यालेला माणूस हात धुतो, अण्णा. न भ्यालेला माणूस दुसऱ्याला आजारी पाडतो."

एकदा दुकानात येऊन बसले. लग्नाघरची एक बाई फॉल-लेसचा मोठा माल काढून बसली होती, गोष्ट पक्की होत आली होती. सर मधेच म्हणाले, "धुतल्यावर रंग सोडतो की नाही ते पाहिलंत का? जरा भ्या." बाई भ्याली आणि उठून शेजारच्या दुकानात गेली. "क्या सर, मेरा धंदा बिठाते क्या?" मी हात जोडले. तेव्हापासून सरांना दुकानात स्टूल मिळायचं, पण बोलायची परवानगी नव्हती.

दुसरा शब्द होता 'सध्यातरी'. सर कुठलीही गोष्ट पक्की म्हणून सांगायचे नाहीत. चहा कसा झालाय? "सध्यातरी चांगला आहे." माझ्या पुतण्याच्या लग्नात स्टेजवर जाऊन, नवरा-नवरीकडं बघून, सगळ्या व्याह्यांदेखत म्हणाले, "सध्यातरी जोडा शोभून दिसतो." व्याह्यांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं होतं.

त्यांचं काम काय, ते मला त्यांनीच दुकानातल्या स्टुलावर बसून समजावलं. (कामाविषयी बोलायची सूट होती.) कोळ्याचा धागा म्हणजे तेवढ्याच वजनाच्या पोलादाला ऐकत नाही, आणि वर ताणलाही जातो. मी म्हणालो, "मग कोळी पाळा की. आपल्याकडं तुती लावून रेशमाचे किडे पाळतातच."

"किडे एकत्र बसून पानं खातात, अण्णा. कोळी एकत्र ठेवले की एकमेकांना खातात."

"म्हणजे आमच्या लाईनीतले दुकानदारच."

सर हसले नाहीत. भीतीत असलेल्या माणसाला विनोद उशिरा कळतो. ते म्हणाले, "म्हणून ही युक्ती." दुधाला विरजण लावलं की विरजणातले जंतू राबतात आणि दही होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. सरांनी असल्याच एका जातीच्या जंतूंच्या पोटात कोळिणीची पाककृती घातली होती. जंतूंना साखरपाणी द्यायचं, ते कोळिणीचा माल बनवतात, तो गाळून घ्यायचा आणि बारीक सुईतून त्याचा धागा ओढायचा. कोळीण नको आणि जाळं नको.

"आणि भीतीही नको," मी म्हणालो.

"भीती पाहिजेच," सर घाईनं म्हणाले. "एक परका जंतू शिरला की सगळं नासतं." आणि उठून पुन्हा हात धुवून आले.

हे असंच चाललं असतं. पण एका वर्षी पावसाळ्यात सर चेहरा उतरलेला घेऊन आले. कॉलेजनं सांगितलं होतं, तुमच्या प्रयोगाला आता बाहेरून पैसा येत नाही आणि खोली दुसऱ्या विभागाला हवी आहे. कुणी कारखानदार हे काम उचलणार असेल तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर खोली रिकामी करा. त्या माणसाकडं त्या खोलीशिवाय दुसरं काही नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

कारखानदार माझ्या घरातच होता. माझा साडू दिगंबर. शेतकऱ्याच्या घरचा, करमाडच्या अलीकडं त्यांची जमीन. तिथंच शेड टाकून त्यानं कापूस आणि बँडेजपट्टीचा कारखाना काढला होता, दवाखान्यांना माल पुरवायचा. गडी दिलदार, पण तडकफडक. त्याचा शब्द एकच, 'पक्कं बोला'. एकीकडं 'पक्कं बोला' आणि दुसरीकडं 'सध्यातरी', आणि मधे मी. पण मी दोघांना घरी बोलावलं.

"जखमंवर टाके घालायला असला धागा मिळाला तर लई भारी काम होईल, सर," दिगंबर मांडी ठोकून म्हणाला. "महिन्याला किती किलो निघंल?"

"किलो?" सरांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक बाटली काढली. अत्तराची असते तेवढी. तळाला पांढरं पांढरं काहीतरी. "आतापर्यंत झालेलं सगळं हे आहे."

दिगंबरनं बाटली उजेडात धरली, हलवली, माझ्याकडं बघितलं. "अण्णा, एवढ्यात तर माझ्या बैलाचा कान बी शिवून व्हायचा नाय."

मंगल आतून फिसकन हसली. सरांनी बाटली परत रुमालात गुंडाळली. मला वाटलं, झालं, मोडलं. पण दिगंबर म्हणाला, "टाकी मी घेतो. सुईचं मशीन बी घेतो. पण दसऱ्याला मला माल दिसला पायजे. पक्कं बोला."

"सध्यातरी..." सरांनी सुरुवात केली. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

पाच माणसांचं पिठलं कुणालाही जमतं, पाचशे माणसांचं करताना आचाऱ्याचीही गाळण उडते. सरांचं तेच झालं. बाटलीत गुणानं राबणारे जंतू टाकीत गेले की बिथरायचे. पहिल्या खेपेला टाकीतून एवढा फेस उतू गेला, की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या खेपेला सगळं नासलं, आणि त्या वासानं दिगंबरचे कामगार दोन दिवस नाकाला फडकी बांधून होते. मग माल निघाला तर अर्धवट, त्याचा धागाच ओढला जाईना. "बाटलीत ते घरचे असतात," सर काकुळतीनं सांगायचे, "टाकीत त्यांचं वऱ्हाड होतं." दिगंबर म्हणायचा, "मग वऱ्हाडाला सांभाळणारा माणूस ठेवा, पण मला तारीख द्या."

सरांची भीती त्या दिवसांत टिपेला पोचली. उस्मानपुऱ्यात पंखा जरा मंदावला की ते करमाडला फोन लावायचे, "लाईट आहे ना?" दिगंबर मला म्हणाला, "अण्णा, तुझा सर मला लाईट आहे का इचारतो, तेवढं कुणी लाईनमनला बी इचारत नसंल." पण एक सांगतो, हळूहळू ती भीती आम्हालाही लागली. आभाळ गडगडलं की मंगल म्हणायची, "सरांच्या टाकीचं काय होईल हो?" मी दुकानात गिऱ्हाईकाला दोरा मोजून देता देता करमाडचं आभाळ कसं असेल याचा विचार करायचो.

आणि नवरात्रात एकदाचा धागा निघाला. पांढराशुभ्र, माझ्या दुकानातल्या लाकडी रिळावर गुंडाळलेला. मी आयुष्य दोऱ्यात घालवलंय, पण त्या रिळाला हात लावायची माझी छाती होईना. सर मात्र खूष दिसेनात. "एक तपासणी राहिलीय," म्हणाले. कोळ्याचा धागा ओला झाला की आटतो, आखडतो. कोळिणीचं जाळं दवानं ताठ होतं ते त्यामुळंच. सरांनी त्यावर उपाय केला होता, आणि बाटलीतल्या मालाचा धागा ओला केला तरी आटत नव्हता. पण टाकीतल्या मालाचं काय, ते बघायला त्यांना महिना हवा होता.

"सर, दसरा महिनाभर थांबत नसतो," दिगंबर म्हणाला. त्यानं पाहुणे बोलावून ठेवले होते. मोठमोठ्या दवाखान्यांना माल पुरवणारे दोघं, पुण्याहून.

दसऱ्याला सकाळी आम्ही करमाडला गेलो. शेड झेंडूनं सजवलेली, मशीनला हार, हळदकुंकू. सगळ्यांना दिसेल असा एक स्टँड मधोमध ठेवला होता. त्याच्यावरून सरांचा पीळ दिलेला धागा खाली सोडलेला, आणि धाग्याला पितळी वजन टांगलेलं. धागा एवढा बारीक, की वजन हवेतच उभं आहे असं वाटावं. पाहुणे वाकून वाकून बघत होते, फोटो काढत होते. सर एका खांबामागं उभे होते.

दिगंबरनं नारळ उचलला, तसे सर खांबामागून बाहेर आले. "फुलं ठीक आहेत. धाग्याजवळ ओलं काही नको. जरा भ्या, दिगंबरराव."

"सर, नारळ न फोडता मशीन चालू करायची म्हणल्यावर मलाच भेव वाटतं," दिगंबर म्हणाला. "तुमचं भेव तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी."

सर एक पाऊल मागं सरले. सगळ्यांना भ्यायला सांगणारा माणूस दुसऱ्याच्या भीतीला नाही कसं म्हणणार? दिगंबरनं स्टँडच्या पायाशी दगड ठेवला, 'देवीचा उदो उदो' केला आणि नारळ आपटला. नारळ चांगला पाण्यानं भरलेला निघाला. पाणी चहूकडं उडालं, पाहुण्यांच्या शर्टावर, माझ्या चष्म्यावर, धाग्यावर.

मी चष्मा पुसून डोळ्याला लावला आणि पाहिलं, तर वजन वर चाललं होतं.

हळूहळू, पण वर. कुणी हात लावला नव्हता. बोटभर वर गेलं, मग आणखी थोडं. शेडमध्ये टाळ्याच टाळ्या. "प्रसाद दिला देवीनं!" दिगंबर ओरडला. "सर, तुमचा धागा वजन उचलतो की वो!" पाहुण्यांतला एक म्हणाला, "आपोआप आवळणारा टाका! असला माल बाजारात कुणाकडंच नाही. आत्ता ठरवून टाकू."

मी सरांकडं पाहिलं. चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"पोटाच्या आत सगळं ओलंच असतं," सर म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की टाळ्या थांबवाव्या लागल्या. "तिथं हा आवळत जाईल. थांबणार नाही. मांस कापेल."

"अहो सर, आधी वरवरच्या जखमांना वापरू," पाहुणा हसून म्हणाला. "तुम्ही फक्त चालेल म्हणा. पुढचं आम्ही बघतो."

दिगंबर सरांच्या जवळ गेला. त्याचा आवाजही उतरला होता. त्यानं टाकीत जीव ओतला होता, आणि असे पाहुणे पुन्हा त्याच्या शेडची पायरी चढणार नव्हते. "सर, मी पक्कं मागतच नाय आता. तुमचाच शब्द द्या. सध्यातरी चालंल, एवढंच म्हणा. खोली राहील, टाकी राहील. मग हवा तेवढा टाईम घ्या."

म्हणा सर! मनातल्या मनात मी त्यांना हाताला धरून हलवत होतो. रोज चहाला म्हणता, लग्नाच्या जोड्याला म्हणता, आज एकदा म्हणा. नाही म्हणालात तर दिवाळीनंतर सकाळी उठून जाणार कुठं? सरांनी चष्मा काढला. नारळाचं पाणी त्यांच्या भुवयांवरून ओघळत होतं.

"नाही," सर म्हणाले. "चालणार नाही."

सध्यातरी नाही, कदाचित नाही, काही नाही. एवढं पक्कं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पाहुणे न जेवता गेले. श्रीखंडपुरी तशीच राहिली. दिगंबर हार घातलेल्या मशीनजवळ पाठमोरा बसून राहिला, आमच्याकडं वळलासुद्धा नाही. परत येताना जालना रोडवर मी चिडलोच. "सर, एका शब्दानं काय झालं असतं हो?"

"झालं असतं, अण्णा," ते म्हणाले. आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

कॉलेजनं दिवाळीचीही वाट पाहिली नाही. प्रयोगशाळेची खोली रिकामी झाली. जंतूंच्या कुप्या ज्याच्यात गोठवून ठेवल्या होत्या तो फ्रीज तेवढा बाहेर व्हरांड्यात कुलूप घालून ठेवला, भिंतीतल्या एका प्लगवर. फ्रीज बंद पडला की संपलं, उरलेलं सगळं त्यातच होतं. सरांनी पहिल्या दिवशी त्या प्लगवर कागद चिकटवला, 'हात लावू नका, जरा भ्या'. कुणीतरी मोबाईल चार्ज करायला प्लग काढेल म्हणून दिवसातून दोनदा जाऊन बघायचे.

मग एके दिवशी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

मी विचारलं, "सर, प्लग?" तर म्हणाले, "असेल." असेल! मी घाबरलो तो तिथं. मग माझं लक्ष जाऊ लागलं. सर चहाला आले आणि हात न धुता कप उचलला. चौकात गाड्यांमधून सरळ चालत गेले, इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही. रिक्षावाला शिव्या देत होता आणि हे ऐकतही नव्हते. वरच्या दाराला तीन कड्या असायच्या, आता एकही लागेना. "जरा भ्या" तर किती दिवसांत कानावर आलं नव्हतं. जन्माचा भित्रा माणूस भ्यायचा थांबला ना, की बघणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. मंगल म्हणाली, "मला त्यांचं लक्षण ठीक दिसत नाही हो."

दिवाळीची साफसफाई चालू होती तेव्हा दिगंबरचा फोन आला. दसऱ्यानंतर पहिलाच. इकडतिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "तुझा सर कसाय? भितो का अजून?"

"नाही रे. भ्यायचा थांबलाय."

तो म्हणाला, "अण्णा, फोन ठेव आणि आधी वर जा."

मी पायात चप्पलही न घालता जिना चढलो. दार सताड उघडं. हाक मारली, उत्तर नाही. आत काय दिसेल या भीतीनं मी उंबऱ्याशी क्षणभर डोळे मिटले.

सर हॉलमध्ये होते. कोपऱ्यात स्टूल ठेवून त्यावर उभे, हातात लांब दांड्याचा झाडू. तोंड जाळ्यापासून वीतभर अंतरावर. जाळ्यात ती बसली होती, आठाण्याहून मोठी. आणि सर तिच्याकडं बघत होते, शांतपणे, भिंतीकडं बघावं तसं.

"सर, काय करताय?"

"दिवाळी आहे. झाडून घेतो." मागं न वळता बोलले. "आता धागा नाही, खोली नाही. हिला कशाला ठेवायचं?"

"पण ठेवली होती कशाला, ते तरी सांगा. एवढी भीती वाटते तर?"

सरांनी झाडू जरा खाली घेतला.

"सुमन धरायची," सर म्हणाले. "माझी बायको. मी भितो म्हणून ती धरायची, ग्लास आणि पुठ्ठ्यानं. मी कॉलेजातून आलो की दारातूनच विचारायचो, कुठं आहे? ती म्हणायची, बाई कोपऱ्यात बसलीय, या तुम्ही. कधी मारली नाही, कधी बाहेर टाकली नाही. तुमच्या कामाची बाई आहे, म्हणायची, घरातच राहू द्या. इथं आलो तेव्हा पेटीत घालून आणल्या त्या तिच्याच. या त्यांच्या नाती-पणत्या."

ती भोकं पाडलेली पेटी मला आठवली. मान वळवून, डोळे मिटून धरलेली.

"तिचं ऑपरेशन झालं. साधंच होतं. टाका आतून ओढतोय म्हणाली. मी डॉक्टरांना विचारलं. ते घाईत होते, म्हणाले, चालेल. मीही घरी येऊन तिला म्हणालो, चालेल म्हणतात." सरांचा आवाज कोरडा होता. "नाही चाललं. तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी जरा भ्यायला हवं होतं, अण्णा. ती होती तोवर मला नुसती कोळ्याची भीती वाटायची. बाकी सगळ्याची नंतर वाटायला लागली."

एवढं बोलून सरांनी झाडू उचलला.

"सर!" मी ओरडलो. "जरा भ्या!"

त्यांचा हात थबकला. तेवढ्यात जाळं हललं म्हणून असेल, किंवा माझ्या ओरडण्यानं असेल, ती कोळीण झाडूच्या दांड्यावर उतरली आणि सरसर खाली येऊन सरांच्या मनगटावर चढली.

सरांनी जी किंकाळी फोडली ती खाली मंगलला ऐकू गेली. झाडू एकीकडं, स्टूल दुसरीकडं, आणि सर माझ्या अंगावर. माझ्या गळ्याला मिठी मारून थरथर कापत होते. मग उठले आणि थेट जिन्यात. तिथून आवाज आला, "मारू नका! अण्णा, मारू नका तिला! ग्लास! पुठ्ठा!"

मी फरशीवर बसून हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. असलं हसणं-रडणं एकदम मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. माणूस भ्याला होता! कोळीण कपाटाच्या पायाशी जाऊन बसली होती. मी ग्लास पालथा घातला, पुठ्ठा सरकवला.

"कुठं सोडू, सर? बाहेर?"

मंगल खालून वर आली होती, तिनं सरांच्या पाठीवर हात ठेवलेला मला दिसला.

"बाहेर नाही," सर म्हणाले. "हॉलमध्ये सोडा. त्या कोपऱ्यात."

मी सोडली. सरांनी दारातून मान आत घातली. "गेली का जाळ्यात?"

"गेली."

"पक्कं?"

"सध्यातरी."

सर आत आले आणि कोपऱ्यापासून लांबच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. मंगल स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. कप पुढं आला तसे सर उठले आणि कोपरापर्यंत हात धुवून आले. अर्धा चहा झाला असेल, एकदम कप खाली ठेवला.

"अण्णा, त्या फ्रीजचा प्लग कुणी काढला नसेल ना हो?"

"चला," मी म्हणालो, "बघून येऊ." मंगल खाली गेली आणि चहा तसाच ठेवून आम्ही दोघं निघालो. सरांनी तिन्ही कड्या लावल्या, गॅस बघायला त्या काढून एकदा परत आत गेले, आणि जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला.